कार्यकर्त्याची कथा आणि भाषणाचा मोह

कार्यकर्त्याने लिहिलेली कथा वाचवत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि दुर्दैवाने ती खोटी नाही. सभेत तासभर माणसे बांधून ठेवणारा, मोर्चाचे निवेदन एका बैठकीत लिहून काढणारा साथी कथा लिहायला बसला की त्याच्या हातून पुन्हा निवेदनच उतरते. फरक इतकाच, की त्या निवेदनाला एक शेतमजूर, त्याची आजारी बायको आणि एक दुष्ट पाटील जोडलेला असतो. शेतमजूर तोंड उघडतो आणि त्यातून अभ्यासवर्गातले तिसरे टिपण बाहेर पडते. बायको शेवटून दुसऱ्या परिच्छेदात मरते. अखेरीस पूर्वेला तांबडे फुटते. दिवाळी अंकांचे संपादक अशा कथा सद्भावनेपोटी छापतात आणि वाचक तितक्याच सद्भावनेने पाने उलटून पुढे जातात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांबाबत ही गोष्ट अधिकच खटकते. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत होता. त्या साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. नकाशावर रेघ पडली. सोयरिकी, जत्रा आणि दुष्काळ मात्र सामाईकच राहिले. याच मुलखात, वाळवे तालुक्यातील वाटेगावी, १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. माणदेशात आटपाडीला १९२१ साली शंकरराव खरात जन्मले आणि तेथून जवळच माडगुळ्याला १९२७ साली व्यंकटेश माडगूळकर. कवठेमहांकाळ तालुक्यातील मळणगावच्या चारुता सागर यांनी मोजक्याच पण विलक्षण कथा लिहिल्या; त्यांच्या ‘दर्शन’ या कथेचा आधार २००९ सालच्या ‘जोगवा’ या चित्रपटाला मिळाला. कथा कशी लिहावी हे शिकवणारी इतकी मोठी शाळा घराच्या अंगणात असताना या भागातल्या कार्यकर्त्याने पोथीतल्या उपमा शोधत बसावे, याला काय म्हणावे?

प्रश्न हौसेचा असता तर त्याची चर्चा या पानावर करण्याचे कारण नव्हते. कारखान्याच्या अध्यक्षाला गौरवग्रंथ मिळतो. संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला गुळगुळीत कागदाची स्मरणिका निघते. १९७२ च्या दुष्काळात ज्या बाईने बांधावर आणि रस्त्यावर खडी फोडली, सुकडी खाऊन आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले, तिची नोंद मस्टरवरच्या एका अंगठ्यापलीकडे कोठेही नाही. रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तासगावच्याच परिसरातले. योजनेचा इतिहास त्यांच्या नावाने लिहिला गेला आणि तो योग्यच आहे. परंतु हमीवर गेलेल्या बाईला सकाळी मूल कोणापाशी ठेवावे लागे, पगाराच्या दिवशी तिच्या हातात काय पडे आणि घरी पोचेपर्यंत त्यातले काय उरे, हे कोणत्याही अहवालात सापडणार नाही. ते माहीत असलेली पिढी आता झपाट्याने संपत आहे. तिच्याजवळ बसून ऐकण्याची संधी प्राध्यापकापेक्षा कार्यकर्त्यालाच अधिक मिळते. त्याने ऐकलेले कथेत उतरवताना मारून टाकले, तर ते दुसऱ्यांदा जिवंत होण्याची शक्यता फारशी नाही.

मग चूक होते कोठे? कार्यकर्त्याची कथा बहुधा शेवटाकडून सुरू होते. निष्कर्ष आधीच ठरलेला असतो आणि माणूस त्याच्यामागून, साक्षीदाराला कोर्टात आणावे तसा आणला जातो. साक्षीदाराला वकिलाने पढवले आहे हे न्यायाधीशाच्या जसे लगेच ध्यानात येते, तसेच वाचकाच्याही येते. यात वि. स. खांडेकरांच्या प्रभावाचाही थोडा वाटा आहे. सांगलीत जन्मलेल्या, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मराठीत आणणाऱ्या या लेखकाने समाजवादी कार्यकर्त्यांच्या दोन-तीन पिढ्यांना ध्येयवाद शिकवला, हे ऋण कोणीही नाकारू नये. पण त्यांची पात्रे बोलतात तसे बोलणे आणि त्यांच्यासारखी उपमांची आरास मांडणे खांडेकरांनाच शोभले. ते वळण उसने घेणाऱ्याच्या हाती नुसती आरास राहते.

याउलट अण्णा भाऊंची ‘स्मशानातील सोने’ ही कथा पाहावी. दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक लिहू पाहणाऱ्या कार्यकर्त्याने ती एकदा वाचक म्हणून आणि नंतर दोनदा सुताराच्या नजरेने, म्हणजे सांधे कोठे आहेत हे बघत, वाचली पाहिजे. भीमा गावाकडून मुंबईला येतो. उपनगरात दगडाच्या खाणीवर त्याला काम मिळते आणि काही महिन्यांत खाण बंद पडते. बेकार भीमाला मसणवटीच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो. तेथून तो राख चाळू लागतो आणि मग प्रेते उकरू लागतो. एके रात्री ताज्या प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांच्या टोळीशी झुंजावे लागते. त्या प्रेताचा जबडा पहारीने उघडताना त्याची बोटे दातांत अडकतात, पुढे ती कापावी लागतात, आणि त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली.

या कथेत ‘बेकारी’ या विषयावर भाषण नाही. भांडवलशाही हा शब्द नाही, व्यवस्थेचा निषेध नाही. खाण बंद होते आणि खाण सुरू होते, या दोन घटनांमध्ये एका धडधाकट माणसाच्या हाताची वाट लागते, एवढेच सांगितले आहे. खाण का बंद झाली हेदेखील भीमाला कोणी सांगत नाही, कारण मजुराला ते कधीच कोणी सांगत नसते. कारागिरीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की लेखकाने हात निवडला. भीमाचा मृत्यू दाखवता आला असता, तुरुंगवास दाखवता आला असता. पण दगड फोडणाऱ्याची बोटे गेली की खाण सुरू असूनही त्याच्यासाठी ती बंदच. ज्या अवयवावर माणसाचे पोट आहे तोच अवयव लेखकाने कथेच्या नाजूक जागी ठेवला. हा विचार अण्णा भाऊंनी कोणत्या लेखन-शिबिरात शिकला? शाळेत ते दोन दिवसही धड गेले नाहीत. गावाकडून मुंबईपर्यंत पायी आलेल्या आणि पडेल ते काम केलेल्या माणसाला हात म्हणजे काय हे ठाऊक होते.

यातून पहिली व्यवहारी सूचना निघते. कथा लिहिण्यापूर्वी कार्यकर्त्याने आपल्या पात्राचे काम शिकून घ्यावे, निदान डोळ्यांनी पुरते पाहून घ्यावे. हत्यार कोणते, ते कोणाच्या मालकीचे, काम मोजतो कोण आणि मोजतो कशाने, पैसे कोणाच्या हातून येतात, दुखापत झाली तर कोठे होते. समजा, खडी फोडणाऱ्या बाईची गोष्ट आहे. ‘शोषणाच्या चरकात पिळून निघालेली ती अबला’ असे वाक्य लिहायला काहीच खर्च येत नाही, म्हणून वाचकही त्याची काही किंमत करत नाही. त्याऐवजी ढिगाचे माप दाखवावे. खडी ब्रासवर मोजतात. फीत साहेबाच्या जीपमध्ये राहिली म्हणून मुकादम ढीग पावलांनी मोजतो. त्याची पावले मोजणीच्या वेळी लांब पडतात. बाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, त्याच्या वहाणांकडे पाहत राहते. एवढ्या चार वाक्यांत मजुरी बुडाल्याचे वाचकाने स्वतः मोजले, आणि स्वतः मोजलेला हिशेब माणूस विसरत नाही. यापुढे लेखकाने ‘केवढा हा अन्याय!’ असे उद्गार काढले, तर त्याने आपलाच ढीग लाथेने मोडला असे समजावे.

उद्गारचिन्हांबद्दल एकदाच सांगून टाकणे बरे. मसुदा तयार झाल्यावर ती सगळी खोडावीत. ज्या वाक्याला त्यांच्यावाचून उभे राहता येत नाही ते वाक्यही खोडावे.

माडगूळकरांची रीत अण्णा भाऊंहून अगदी निराळी, परंतु या एका बाबतीत दोघांचे जुळते. ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील धर्मा रामोशी आठवावा. लेखक त्याला नेसायला धोतर देतो आणि शेवटी ते धोतर धर्माच्या मुलीच्या अंगावर दिसते. तेथे लेखन थांबते. तिच्याजवळ लुगडे नव्हते, बापाने आपली लाज बाजूला ठेवून मुलीची झाकली, हे विवरण माडगूळकर करत नाहीत. ‘बनगरवाडी’त (१९५५) शेकूजवळ एकच बैल उरतो आणि त्याची बायको जुवाखाली मान देते. हे दृश्य पाहून मास्तराने दारिद्र्यावर चिंतन करावे असा मोह कोणत्याही लेखकाला होईल. कार्यकर्त्याला तर तो अनावर होईल. माडगूळकर चित्रकारही होते, त्यामुळे रंग कोठे थांबवायचा हे त्यांच्या हाताला कळत होते.

‘बनगरवाडी’कडून शिकण्यासारखी दुसरी गोष्ट निवेदकाची आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर कोवळ्या वयाचा शिक्षक जातो. त्याला वाडीतले काही कळत नाही. कारभाऱ्याची मर्जी, रामोशांच्या चोऱ्या, मेंढरांचे वेळापत्रक, सारे त्याला अडखळत समजत जाते आणि त्याच्या जोडीने वाचकाला समजत जाते. कार्यकर्ताही बहुधा वाडीवर बाहेरूनच आलेला असतो. पण त्याच्या कथेतला कार्यकर्ता मात्र पहिल्या ओळीपासून सर्वज्ञ असतो. तो आला, त्याने पाहिले आणि लोकांना समजावून सांगितले. प्रत्यक्षात कोणत्याही साथीचा वाडीवरला पहिला महिना फजितीचा गेलेला असतो. चुकीच्या घरी पाणी प्यालो, ज्याला गरीब समजलो त्याचेच दहा एकर निघाले, बैठकीला ज्या दिवशी बोलावले तो जत्रेचा दिवस होता, अशा गोष्टी तो रात्री चहाच्या दुकानात रंगवून सांगतो आणि लिहिताना मात्र लपवतो. ज्या गोष्टी तो चहाच्या दुकानात सांगतो त्याच लिहिण्याच्या गोष्टी आहेत. बनगरवाडीच्या मास्तराने पुढाकार घेऊन तालीम बांधवली, राजेसाहेब येऊन गेले, आणि तरीही दुष्काळ आला तेव्हा वाडी उठून गेली. मास्तराच्या चांगुलपणाने पाऊस पडला नाही. चळवळीतल्या माणसाला याहून ओळखीचा शेवट कोणता असेल?

शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनाची येथे आठवण करून देणे आवश्यक आहे, कारण कादंबरी नसूनही कादंबरीकाराला ते पुष्कळ शिकवते. वडील गावचे तराळ. विहिरीत प्रेत पडले आहे, ते वर काढण्याचे काम तराळाचे. विहिरीत साप आहे आणि फौजदार ऐकत नाही. हे सगळे मुलगा काठावरून पाहतो. तराळकीच्या पद्धतीवर एक सबंध निबंध लिहिता आला असता. खरातांनी लिहिली ती विहीर. वाचकाला दिसते तेवढे मुलाला दिसते, आणि मुलगा काठावरून हलू शकत नाही म्हणून वाचकही हलू शकत नाही. प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी दाखवायचा हा निर्णय केवळ तंत्राचा नसतो. तोच प्रसंग फौजदाराच्या डोळ्यांनी दाखवला असता तर पंचनामा झाला असता.

आता भाषेविषयी. या विषयात जितका गोंधळ आहे तितका अन्य कोठे नाही. ग्रामीण कथा म्हणजे प्रत्येक शब्द मोडून लिहिणे, अशी समजूत करून घेतल्यामुळे पुष्कळ चांगल्या गोष्टी वाचण्यापलीकडे गेल्या आहेत. माडगूळकरांनी निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवले आणि बोली संवादात आणली. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कागलच्या आनंद यादवांनी ‘गोतावळा’त (१९७१) सबंध निवेदनच बोलीत केले, कारण तेथे सांगणारा स्वतः शेतावरचा गडी आहे. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. खोटी वाट तिसरी: निवेदन कार्यालयीन मराठीत, आणि पात्रांच्या तोंडी तमाशापटातली बोली. माणदेशातला मेंढपाळ, कृष्णाकाठचा ऊसवाला, मिरजेचा सतारमेकर आणि पाटणच्या डोंगरातला कातकरी एकसारखे बोलत नाहीत. जतच्या पूर्वेकडे गेले की मराठीत कानडी मिसळते. ज्याला हे ऐकू येत नसेल त्याने सरळ प्रमाण भाषेत लिहावे. त्यात कमीपणा काही नाही. ज्याला ऐकू येते त्यानेही ‘न्हाय’, ‘हाय’, ‘तवा’ यांची पेरणी आवरती घ्यावी. बोली उच्चारात असते त्याहून अधिक वाक्याच्या ठेवणीत, म्हणींत आणि न बोललेल्यात असते. ‘पोरगी नांदत न्हाय’ या तीन शब्दांत एका घराची सारी बेअब्रू येते. ऐंशीच्या दशकात सांगली जिल्ह्यात परित्यक्ता स्त्रियांनी संघटित होऊन हक्क मागितले, तेव्हा मोडायचे होते ते याच तीन शब्दांचे वजन.

भाषेतली आणखी एक बारकाई कार्यकर्त्यांकडून हमखास सुटते, ती म्हणजे कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो. या मुलखात तात्या, आबा, बापू, अण्णा, आप्पा यांत नात्यापेक्षा अधिक काही भरलेले असते. कारखान्याच्या आवारात जो ‘आबासाहेब’ असतो तो चुलत्याला ‘आब्या’ असतो, आणि त्याच्या शेतावरचा साठीचा गडी त्याच्या दहा वर्षांच्या नातवाला ‘मालक’ म्हणतो. नातू त्या गड्याला ‘ए’ म्हणून बोलावतो. जातीवर आणि जमीनदारीवर एकही वाक्य न लिहिता हे दाखवता येते. फक्त हाका बरोबर लागल्या पाहिजेत. पुढे एखाद्या दिवशी तो गडी ‘मालक’ न म्हणता मुलाला नावाने हाक मारतो. एवढ्यावर कथेचा सारा डोलारा उभा राहू शकतो. त्यासाठी मोर्चा आणण्याची गरज नाही.

ग्रामीण विनोदाचा मोहही टाळलेला बरा. साठच्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाने महाराष्ट्र गाजवला आणि मराठी कथेला पुन्हा कान दिले, ही मोठी गोष्ट झाली. पण त्यांच्यामागून आलेल्या नकलाकारांनी खेडूत म्हणजे शहरी सभागृहाला हसवण्याचे साधन करून टाकले. माणूस स्वतःवर हसतो तेव्हा त्याची हुशारी दिसते. लेखक त्याच्यावर हसतो तेव्हा लेखकाची जागा दिसते.

प्रतिपक्षाच्या चित्रणाबाबत ‘फकिरा’ (१९५९) काय करते ते नीट पाहण्याजोगे आहे. अण्णा भाऊ कम्युनिस्ट कार्यकर्ते. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. वर्गशत्रू कोण हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरीही त्यांच्या कादंबरीत गावचे विष्णुपंत कुलकर्णी मांगवाड्याच्या पाठीशी उभे राहतात. ढोबळ विचार करणाऱ्या कार्यकर्त्याने हे पात्र गाळले असते किंवा त्याला दुष्ट केले असते. पंतांमुळे कादंबरी मवाळ झालेली नाही. उलट अन्याय एका माणसाच्या वाईटपणातून येत नसून सत्तेच्या घडणीतून येतो, हे त्यांच्यामुळेच कळते. शत्रू नुसता दुष्ट दाखवला की वाचकाला वाटते, हा बदलला म्हणजे भागले. साखर कारखान्याचा संचालक कथेत आणायचा तर तो वडिलांच्या श्राद्धाला खरोखर रडणारा, मजुराच्या मुलीच्या लग्नाला आहेर पाठवणारा असू द्यावा, आणि तरीही उसाच्या काट्यावर माप कमी भरू द्यावे. हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून कसे घडते, याचा शोध म्हणजे कथा.

अण्णा भाऊंचे दोष सांगायचे नाहीत असा या पक्षांतल्या काहींचा दंडक असतो. तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. त्यांच्या कादंबऱ्यांत योगायोग फार आहेत, नायक कधी कधी माणसापेक्षा मोठे होतात, नायिकांचे सौंदर्य ठरीव शब्दांत येते. पोटासाठी घाईने लिहावे लागलेल्या लेखकाचे हे दोष समजण्यासारखे आहेत. खेद याचा वाटतो, की अनुकरण नेमके त्यांचेच होते. फकिराची तलवार आणि घोडा उचलले जातात; जोगिणीचा प्रसंग कसा बांधला आहे याकडे कोणी बघत नाही. शेजारच्या गावाहून जोगिणीची वाटी आणताना फकिराचा बाप राणोजी मारला जातो. वाटी कोणाकडे असली म्हणजे जत्रेचा मान कोणाला, शिवेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, हे सारे नियम लेखकाने माहिती म्हणून सांगितलेले नाहीत. राणोजीच्या धावण्यातून आणि पडण्यातून ते वाचकाला कळतात. फडावर लोकांना बसवून ठेवलेल्या शाहिराला हे ज्ञान होते: माहिती सांगायला लागले की मागच्या रांगेतली माणसे उठतात.

विषयांची टंचाई आहे असे मात्र कोणी म्हणू नये. प्रतिसरकारावर शौर्याच्या कथा भरपूर झाल्या. भूमिगतांना रात्री-अपरात्री भाकऱ्या बडवून देणाऱ्या, आणि घरात जोंधळे किती उरले याचा हिशेब मनात ठेवणाऱ्या बायकांची कथा जवळजवळ झालेलीच नाही. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि खानापूर तालुक्यातले गिरणी कामगार गावी परतले. त्यांना घरी दुष्काळ भेटला, आणि त्यातून मुक्ती संघर्षाची चळवळ उभी राहिली. पुढे येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधले. धरणाची कथा पुस्तिकांत आली आहे. साच्यावर बारा वर्षे उभा राहिलेला माणूस पुन्हा बैलामागे चालू लागतो तेव्हा त्याचे पाय काय म्हणतात, बायकोने त्याच्यावाचून लावलेली घराची घडी त्याच्या येण्याने कशी विस्कटते, हे कथेचे काम आहे आणि ते शिल्लक आहे.

किंवा ‘कोयता’ हा एकच शब्द घ्यावा. वाळव्या-कऱ्हाडच्या फडात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांत कोयता म्हणजे हत्यार नव्हे; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तो अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते. ज्या व्यवहाराने लग्नाला हत्याराचे नाव दिले, त्याबद्दल दहा पाने संताप लिहिण्यापेक्षा अर्धा कोयता राहिलेल्या एका माणसाची उचलीच्या दिवसाची गोष्ट लिहावी.

विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून देशभर पांगलेले गलाई व्यावसायिक हा असाच एक विषय. दुष्काळी तालुक्यातली पोरे दूरदूरच्या शहरांत सराफांच्या गल्लीत जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबात शुद्ध करून देतात. घरी कुसळे, हाती दुसऱ्याचे सोने. ‘स्मशानातील सोने’ लिहिणाऱ्याच्या जिल्ह्यातील लेखकाला ही जोडी दिसू नये? हरिपूरच्या हळदीच्या पेवांचेही तसेच. पेव उघडले म्हणून हमाल लगेच आत उतरत नाही. आतली हवा मोकळी होऊ द्यावी लागते. २००५ च्या महापुराने त्यांतली कित्येक पेवे निकामी केली. वरच्या जमिनीवर काही दिसत नाही आणि खाली कोणाची तरी वर्षाची कमाई कुजते आहे, असे चित्र लेखकाला जिल्ह्याने फुकट दिले आहे. चळवळीची नसलेली, संस्थेची म्हणावी अशी हकीकतही कथेला चालते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांची भिंतीवाचूनची वसाहत वसवली, ग. दि. माडगूळकरांनी तिच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ची कथा रचली. सुधारणेचे धोरण बाजूला राहिले आणि पडद्यावर आले सहा कैदी आणि त्यांचा एक जेलर.

एक आक्षेप राहतो आणि तो गंभीर आहे. चळवळ संकटात असताना, सभासद घटत असताना, कार्यकर्त्याने वाक्याच्या ठेवणीची चिंता करावी काय? लोकांपर्यंत विचार पोचवणे हे त्याचे काम नव्हे काय? अवश्य आहे, त्यासाठी पत्रक आहे, सभा आहे, हे साप्ताहिक आहे. पत्रक पत्रकासारखे रोखठोक लिहावे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कथेच्या वेषातले पत्रक मात्र दोन्हीकडून जाते: विचार पटायचा तो आधीच पटलेल्यांना पटतो आणि माणूस कोणालाच भेटत नाही. शिवाय कथा लिहिताना कार्यकर्त्याला स्वतःच्या विचाराची परीक्षा द्यावी लागते, हा लाभ थोडा नाही. ज्या पात्राने संपात सामील व्हावे असे त्याने योजले होते ते पात्र चौथ्या पानावर म्हणते की म्हातारी आजारी आहे, यायचे जमणार नाही. अशा वेळी लेखकाने त्याला ओढून मोर्चात न नेता त्याच्या घरी जाऊन बसावे. संघटनेच्या पुढल्या बैठकीत जे कोणी आले नाहीत ते का आले नाहीत, हे कदाचित त्याला तेथेच कळेल.

मसुद्याचे पहिले पान बहुधा टाकून द्यावे लागते. तेथे लेखक घसा साफ करत असतो. शेवटचे पानही पुष्कळदा जाते. जे उरेल ते मोठ्याने वाचावे, आणि साहित्य-मंडळाच्या बैठकीत वाचण्याआधी ज्यांच्याविषयी ते लिहिले त्यांच्यासमोर, ओट्यावर किंवा बांधावर बसून वाचावे. ऐकणारी बाई कोठे भाकरीचे पीठ मळायला वळली, कोठे तिचा हात थांबला, याकडे लक्ष असावे. ‘आमच्यात असं न्हाय म्हणत’ असे ती जेथे म्हणेल, तेथे वाद न घालता पेन्सिलीने खूण करावी आणि मग कसे म्हणतात ते विचारावे.